धसका उतरताना: मनावरच्या आघातातून सावरण्याच्या वाटा

३० सप्टेंबर १९९३. पहाटेचे चार वाजायला चार मिनिटं कमी होती. अनंत चतुर्दशीचं विसर्जन आटोपून किल्लारी आणि भोवतालची गावं नुकती कुठे झोपली होती. भूकंप झाला आणि दगड-मातीच्या जाडजूड भिंती, वर्षानुवर्षं माती चढवून जड झालेली माळवदं झोपलेल्या माणसांवर कोसळली. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. जी वाचली, त्यांच्यातल्या कित्येकांना पुढे छताखाली झोपायचीच भीती वाटू लागली. जमीन हलायची थांबली, तरी अंगातली धास्ती थांबेना.

या अवस्थेला मराठीत नेमका शब्द आहे: धसका. तो आपण दोन तऱ्हांनी वापरतो. "त्याला धसका बसला" आणि "त्याने धसका घेतला." पहिल्या वाक्यात माणसावर काहीतरी येऊन आदळलेलं असतं. दुसऱ्यात जणू त्यानेच ते उचलून जवळ ठेवलेलं असतं. आघात झालेल्या माणसाशी आपण बहुतेकदा दुसऱ्या वाक्यासारखं वागतो. "किती दिवस मनाला लावून घेणार?", "विसर आता", "तुझ्याहून वाईट झालेल्यांकडे बघ." गेल्या चाळीसेक वर्षांतलं संशोधन मात्र पहिल्या वाक्याच्या बाजूने उभं आहे. धसका बसतो, आणि योग्य मदत मिळाली तर पुष्कळांचा तो उतरतो.

ही मदत कोणकोणती, तिच्यामागे पुरावा किती आणि माणूस स्वतःहून काय करू शकतो, याचा हा आढावा. तो घेताना एक गोष्ट मला पुन्हा पुन्हा दिसली. पद्धतींची नावं अनेक आहेत आणि त्यांच्या पुरस्कर्त्यांत वादही आहेत, पण सावरण्याचा क्रम बहुधा एकच असतो. आधी सुरक्षितता, मग सांगणं, मग माणसांत परतणं. यांतली एकही पायरी कुणी पूर्ण एकट्याने चढलेलं फारसं दिसत नाही.

धसका बसतो म्हणजे काय होतं

दहावीच्या निकालाचा दिवस आठवला, तर तो जुना दिवस म्हणूनच आठवतो. आघाताची आठवण अशी मागे जाऊन बसत नाही. ब्रेकचा करकरता आवाज, रॉकेलचा वास, रात्री दारावर पडलेली थाप, एवढं निमित्त पुरतं आणि "घडलं होतं" याचं "घडतं आहे" होऊन जातं. छाती धडधडते, घाम फुटतो, हातपाय गार पडतात. हे पहिलं लक्षण. दुसरं म्हणजे टाळणं: तो रस्ता, तो विषय, तो नातेवाईक. तिसरं, मन बधिर होणं आणि स्वतःबद्दलचं, जगाबद्दलचं मत काळवंडणं: "चूक माझीच होती", "भरवसा ठेवावा असं कुणीच नाही." चौथं, सतत पहाऱ्यावर असणं: दचकणं, पटकन चिडणं, झोप न लागणं. हे सगळं महिन्याहून अधिक टिकलं आणि रोजचं जगणं अडवू लागलं, की वैद्यकात त्याला पीटीएसडी, म्हणजे आघातानंतरचा तणाव-विकार, म्हणतात.

इथे आकडे धीर देणारे आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या म्हणण्यानुसार जगातल्या सुमारे ७० टक्के लोकांच्या वाट्याला आयुष्यात कधी ना कधी असा हादरवणारा प्रसंग येतो. त्यांतल्या ५.६ टक्के लोकांना पुढे पीटीएसडी होतो. म्हणजे बहुतेक माणसं घरच्यांच्या, मित्रांच्या आधाराने काळ जाईल तशी सावरतात. लैंगिक अत्याचार आणि युद्धातली हिंसा यांनंतर हे प्रमाण बरंच वाढतं. पीटीएसडी झालेल्यांपैकीही ४० टक्क्यांपर्यंत लोक वर्षभरात बरे होतात. जे उरतात, त्यांच्यासाठी परिणामकारक उपचार आहेत. दुःख याचं, की गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत चौघांपैकी जेमतेम एक जण उपचारापर्यंत पोहोचतो.

एकदाच झालेला अपघात वेगळा आणि लहानपणापासून वर्षानुवर्षं चाललेली मारहाण किंवा अत्याचार वेगळा. दुसऱ्या प्रकारात भीतीच्या जोडीला भावना आवरता न येणं, स्वतःची खोल लाज आणि नाती टिकवता न येणं हेही येतं. जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या आजारांच्या अकराव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात याला गुंतागुंतीचा पीटीएसडी म्हणून स्वतंत्र जागा मिळाली. अशा माणसाला उपचाराला वेळ जास्त लागतो, आणि तो लागणारच हे त्याच्या घरच्यांना ठाऊक असलेलं बरं.

नाव मिळायला लागलेली वर्षं

पहिल्या महायुद्धात खंदकांतून थरथरणारे, वाचा गेलेले सैनिक परत येऊ लागले. चार्ल्स मायर्स या डॉक्टरने १९१५ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात त्यांच्याबद्दल लिहिताना 'शेल शॉक' हा शब्द वापरला. सैन्यातल्या अनेकांच्या लेखी तो भित्रेपणा होता. एडिनबरा शहराजवळच्या क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात डब्ल्यू. एच. आर. रिव्हर्स यांनी मात्र या सैनिकांना बोलतं केलं. आठवण सारखी दडपत राहिल्याने ती अधिक छळते, हे त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं.

युद्ध संपलं आणि विषय मागे पडला. तो पुन्हा वर आणला तो व्हिएतनामहून परतलेल्या अमेरिकी सैनिकांनी आणि स्त्री-चळवळीने. १९७४ मध्ये ॲन बर्जेस आणि लिंडा होल्मस्ट्रॉम यांनी बलात्कारातून वाचलेल्या स्त्रियांची लक्षणं नोंदवली. ती सैनिकांच्या लक्षणांशी विलक्षण जुळत होती. १९८० मध्ये अमेरिकी मनोविकार संघटनेच्या सूचीत पीटीएसडी दाखल झाला. १९९२ साली ज्युडिथ हर्मन यांच्या 'ट्रॉमा अँड रिकव्हरी' या पुस्तकाने रणांगणावरची आणि घराच्या चार भिंतींतली जखम एकाच चौकटीत ठेवली. बरं होण्याच्या तीन पायऱ्या त्यात स्पष्ट मांडल्या आहेत: सुरक्षितता, आठवण आणि शोक, पुन्हा जोडलं जाणं. वर ज्या क्रमाचा उल्लेख केला, त्याचं मूळ इथे आहे.

पहिले दिवस: खणू नये, सोबत द्यावी

दुर्घटना घडली की लगेच सगळ्यांना एकत्र बसवून "काय पाहिलंत, काय वाटलं" हे सविस्तर बोलायला लावायचं, अशी पद्धत १९८० आणि ९०च्या दशकांत जगभर रुजली. हेतू चांगला होता. पण अभ्यास जमा होत गेले तसं दिसलं, की अशा एका बैठकीने पुढचा पीटीएसडी टळत नाही आणि काहींना तर त्रास वाढतो. अनेक अभ्यास एकत्र तपासणाऱ्या २००२ च्या कॉक्रेन आढाव्याने हे ठामपणे मांडलं आणि अशी सक्तीची बैठक घेऊ नये हेच मत पुढे रूढ झालं. टीव्हीचा माईक वाचलेल्या माणसाच्या तोंडाशी नेऊन "तेव्हा कसं वाटलं?" विचारणाऱ्यांनीही हे वाचायला हवं.

मग पहिल्या दिवसांत करायचं काय? जागतिक आरोग्य संघटनेने २०११ मध्ये मानसिक प्रथमोपचाराची पुस्तिका काढली. तिचा गाभा तीन शब्दांचा आहे: बघा, ऐका, जोडून द्या. धोका कुठे आहे आणि कुणाला तातडीची गरज आहे ते बघा. माणूस बोलेल तेवढंच ऐका, खोदू नका. मग त्याला अन्न, निवारा, नातेवाईक, दवाखाना यांच्याशी जोडून द्या.

मराठी माणसाला हे अगदी अनोळखी नाही. ज्या घरी मरण झालं, तिथे चूल पेटत नाही. शेजारी किंवा सोयरे पिठलं-भाकरी घेऊन येतात, त्याला कडू घास म्हणतात. घास भरवणारा माणूस काही विचारत नाही. तो बसतो, पाणी देतो, दोन घास खायला लावतो. मानसिक प्रथमोपचार यापेक्षा फारसा वेगळा नाही.

या सोबतीला संशोधनाचंही बळ आहे. २००० आणि २००३ मधल्या दोन मोठ्या आढाव्यांत एक गोष्ट ठळक दिसली. आघातानंतर पीटीएसडी कुणाला होईल हे सांगणाऱ्या घटकांत, नंतर आधार न मिळणं हा महत्त्वाचा घटक ठरतो. घटना किती भयंकर होती याच्या इतकंच, त्यानंतर माणसं कशी वागली हेही मोजावं लागतं.

सांगण्याचे उपचार

महिना उलटूनही धसका उतरत नसेल, तर सर्वांत भक्कम पुरावा आहे तो आघातावर थेट काम करणाऱ्या मानसोपचारांचा. त्यांच्या तीन-चार मुख्य शाखा आहेत.

पहिली, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या एड्ना फोआ यांनी विकसित केलेली दीर्घ सामोरं जाण्याची पद्धत. तर्क साधा आहे. टाळल्याने त्या क्षणापुरतं बरं वाटतं, पण "तो रस्ता धोक्याचाच" ही समजूत तपासायची संधी कधी येत नाही. म्हणून उपचारकाच्या सोबतीने ती घटना वर्तमानकाळात, तपशिलांसह पुन्हा पुन्हा सांगायची. आणि टाळलेल्या पण आता सुरक्षित असलेल्या जागी टप्प्याटप्प्याने जायचं. साधारण आठ ते पंधरा, दीड-दीड तासाची सत्रं. सांगता सांगता आठवणीची धार बोथट होत जाते आणि ती भूतकाळात आपल्या जागी जाऊन बसते.

दुसरी पॅट्रिशिया रेसिक यांची, अडकलेल्या विचारांवर काम करणारी पद्धत. तिची साधारण बारा सत्रं असतात. "मी त्या रात्री बाहेर पडले नसते तर", "मी ओरडलो का नाही", "मी वाचलो आणि भाऊ गेला, हे कसलं वाचणं" अशा वाक्यांत माणूस वर्षानुवर्षं रुतून बसतो. उपचारक त्या वाक्यांची त्याच्याबरोबर उलटतपासणी करतो. त्या क्षणी तुला काय माहीत होतं? तुझ्या हातात खरोखर काय होतं? भीतीने शरीर गोठतं, हे तुला कुणी सांगितलं होतं का? दोष ज्याचा त्याच्या पदरात परत जातो. आपल्याकडे अत्याचारानंतर पहिला प्रश्न पीडितेच्या कपड्यांबद्दल विचारला जातो. अशा ठिकाणी या पद्धतीचं मोल वेगळं सांगायला नको.

तिसरी ईएमडीआर. फ्रान्सिन शपिरो यांना १९८७ मध्ये तिची कल्पना सुचली आणि १९८९ मध्ये पहिला अभ्यास प्रसिद्ध झाला. रुग्ण आठवण मनात धरतो आणि त्याच वेळी उपचारकाच्या हलत्या बोटांमागे नजर डावी-उजवीकडे फिरवतो. नजरेच्या हालचालीनेच फरक पडतो का, यावर वाद आहे. एक पटण्यासारखं स्पष्टीकरण असं, की मनाची तात्पुरती पाटी लहान असते. तिच्यावर एकाच वेळी दोन कामं आली की आठवणीचे रंग फिके पडतात. कारण काहीही असो, परिणाम दिसतो. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आघातकेंद्री सीबीटी (विचार आणि वागणं बदलण्यावर काम करणारा मानसोपचार) आणि ईएमडीआर या दोन्हींची शिफारस केली.

चौथी आपल्यासारख्या देशांसाठी विशेष महत्त्वाची आहे. जर्मनीतल्या कॉन्स्टान्झ विद्यापीठातल्या माग्गी शाउअर, फ्रँक नॉयनर आणि थॉमस एल्बर्ट यांनी ती निर्वासितांसाठी घडवली. जमिनीवर एक दोरी अंथरायची, ते आयुष्य. सुखाच्या प्रसंगी फूल ठेवायचं, आघाताच्या जागी दगड. मग जन्मापासून क्रमाने सगळी कहाणी सांगायची, उपचारक ती लिहून घेतो आणि शेवटी ती लिखित कहाणी माणसाच्या हातात देतो. एकाच दगडाखाली दबलेल्या माणसाला दिसतं, की दोरी त्या दगडाच्या आधीही होती आणि पुढेही आहे. फुलंही होती.

या उपचारांची मर्यादाही सांगायला हवी. ते सोपे नाहीत. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ९१६ अमेरिकी माजी सैनिकांवरच्या अभ्यासात पहिल्या दोन पद्धतींचे उपचार जवळपास निम्म्या लोकांनी अर्धवट सोडले. म्हणून २०१८ च्या एका छोट्या अभ्यासाचं महत्त्व वाटतं. डेनिस स्लोन आणि ब्रायन मार्क्स यांच्या पद्धतीत माणूस पाच सत्रांत उपचारकाच्या देखरेखीखाली अर्धा-अर्धा तास त्या घटनेबद्दल लिहितो. १२६ जणांत तिची तुलना बारा सत्रांच्या विचार-पद्धतीशी केली. परिणाम तिच्याहून कमी ठरला नाही, आणि उपचार मध्येच सोडणारे तिथे सुमारे ४० टक्के होते, तर इथे ६ टक्के.

शरीराच्या वाटेने

"मला सांगताच येत नाही, पण पोटात गोळा येतो." असं म्हणणाऱ्याला शब्दांची वाट बंद वाटते. बेसेल व्हॅन डर कोल्क यांचं २०१४ मधलं 'द बॉडी कीप्स द स्कोअर' हे पुस्तक जगभर वाचलं गेलं, ते यामुळेच. त्याच वर्षी त्यांनी उपचारांना दाद न देणाऱ्या पीटीएसडीच्या ६४ स्त्रियांवर अभ्यास केला. दहा आठवडे आघाताचं भान ठेवून शिकवलेला योग केल्यावर त्यांतल्या ५२ टक्के स्त्रिया पीटीएसडीच्या व्याख्येत बसेनाशा झाल्या; तुलनेच्या गटात हे प्रमाण २१ टक्के होतं. अभ्यास लहान आहे, पण आशा वाटावी असा आहे.

योग आपल्या घरचा, म्हणून एक गोष्ट नीट समजून घ्यावी. त्या वर्गांत शिक्षक हुकूम देत नाहीत, न विचारता हात लावून आसन दुरुस्त करत नाहीत, डोळे मिटण्याची सक्ती करत नाहीत. "हवं तर हात वर न्या, नको असेल तर राहू द्या," अशी भाषा असते. ज्याच्या शरीरावर दुसऱ्याने जबरदस्ती केली, त्याला आपल्या शरीरावरचा हक्क परत मिळणं हाच तिथला उपचार आहे. आपल्या नेहमीच्या वर्गात अंधार करून शवासनात पडून राहायला सांगतात, तेव्हा काही जणांना घुसमटायला होतं. ती त्यांची कमजोरी नव्हे. त्यांनी डोळे उघडे ठेवावेत, भिंतीला टेकून बसावं.

ध्यानाचंही तसंच. श्वासावर लक्ष नेलं की दडलेली आठवण उसळू शकते. म्हणून ताज्या आघातानंतर दहा दिवसांचं मौन शिबिर ही पहिली पायरी होऊ नये. जायचंच असेल तर आपला त्रास आधी मोकळेपणाने सांगावा. रोज पाच मिनिटं, डोळे उघडे, लक्ष पावलांवर, एवढी सुरुवात पुरेशी.

पीटर लेव्हिन यांची शारीर अनुभवांवरची पद्धत, शरीरावर बोटांनी टकटक करायचं टॅपिंग, मनाच्या वेगवेगळ्या भागांशी बोलण्याची पद्धत, यांचे पुरस्कर्ते पुष्कळ आहेत आणि काहींना त्यातून बरंही वाटतं. पण आघातकेंद्री सीबीटीच्या तोडीचा पुरावा अजून त्यांच्या पाठीशी नाही. भरवशाचा उपचार सोडून यांच्या मागे लागू नये. त्याच्या जोडीला हवं तर घ्यावं.

औषधं

औषध धसका पुसत नाही, पण झोप आणि बेचैनी आटोक्यात आणून उपचाराला बसण्याचं बळ देतं. सर्ट्रालिन आणि पॅरॉक्सेटिन ही नैराश्यावरची औषधं पीटीएसडीसाठी अमेरिकेत अधिकृत मान्यता मिळालेली आहेत. सगळ्यांत जास्त सावध राहावं ते झोपेच्या आणि घबराटीच्या गोळ्यांच्या एका गटाबद्दल. अल्प्राझोलाम, डायझेपाम ही त्यातली घरोघरी माहीत असलेली नावं. आघातानंतरच्या पहिल्या महिन्यात या गोळ्या देऊ नयेत असं जागतिक आरोग्य संघटनेने २०१३ मध्येच सांगितलं. त्या सवय लावतात आणि मूळ दुखणं तिथेच राहतं. कुणाच्या घरातली उरलेली गोळी "शांत झोप लागेल" म्हणून दुसऱ्याला देणं थांबलं पाहिजे. दारूचंही तेच. आणि सुरू असलेली गोळी मनाने एकदम बंद करू नये, डॉक्टरांना विचारून हळूहळू कमी करावी.

एमडीएमए या नशेच्या पदार्थाच्या साहाय्याने करायच्या मानसोपचाराची अलीकडे बरीच चर्चा झाली. ऑस्ट्रेलियाने जुलै २०२३ पासून त्याला मर्यादित परवानगी दिली. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ऑगस्ट २०२४ मध्ये ती नाकारली. भारतात तो पदार्थ बेकायदा आहे. तेव्हा त्याच्या बातम्या वाचून कुणी स्वतःवर प्रयोग करू नये.

स्वतः काय करता येतं

मानसोपचारतज्ज्ञ शंभर किलोमीटरवर आहे, रजा नाही, पैसे नाहीत, घरी सांगता येत नाही. अशा माणसाच्या हातात काहीच नाही असं नाही.

*वर्तमानात परतण्याचा सराव.* आठवण अंगावर आली की पाय जमिनीवर घट्ट टेकावेत. फरशीचा गारवा जाणवू द्यावा. दिसणाऱ्या पाच वस्तूंची नावं मोठ्याने घ्यावीत, ऐकू येणारे तीन आवाज ओळखावेत. आजची तारीख, वार, गावाचं नाव उच्चारावं. "हे तेव्हा होतं, आता मी इथे आहे." हा सराव बरं वाटत असताना रोज केलेला असेल, तरच अडीनडीला कामी येतो.

*श्वास.* सोडलेला श्वास घेतलेल्यापेक्षा लांब ठेवायचा. चार आकडे मोजत घ्यायचा, सहा मोजत सोडायचा. श्वासाकडे लक्ष देऊन कुणाला अधिक घाबरायला होत असेल, तर त्याने चालायला जावं, कपडे धुवावेत, पीठ मळावं. हातापायांची लयीतली हालचालही मन जमिनीवर आणते.

*दुःस्वप्न.* तेच ते स्वप्न पुन्हा पुन्हा पडत असेल तर दिवसाउजेडी ते कागदावर लिहावं, त्याचा शेवट आपल्याला हवा तसा बदलावा आणि नवं स्वप्न रोज दहा-वीस मिनिटं मनात घोळवावं. बॅरी क्रॅकॉव्ह यांनी लैंगिक अत्याचारातून वाचलेल्या १६८ स्त्रियांवर केलेल्या, २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात या सरावाने दुःस्वप्नं कमी झाली आणि झोप सुधारली. सुरुवात सर्वांत भयंकर स्वप्नापासून करू नये, सौम्य स्वप्नापासून करावी.

*लिहिणं.* जेम्स पेनेबेकर यांनी १९८६ पासून दाखवलं, की मनातला सल तीन-चार दिवस रोज पंधरा-वीस मिनिटं, शुद्धलेखनाची पर्वा न करता लिहिला तर अनेकांना हलकं वाटतं. लाभ सरसकट मोठा नाही, पण खर्च वहीचाच. लिहून झाल्यावर काही वेळ उदास वाटणं स्वाभाविक आहे. दिवसेंदिवस उदासी वाढतच गेली, तर मात्र वही मिटावी आणि माणूस शोधावा. वही कुणाच्या हाती पडून धोका होणार असेल, तर लिहून कागद फाडून टाकला तरी चालतो.

*दिवसाची चौकट.* ठरल्या वेळी उठणं, ऊन लागेल असं चालणं, वेळेवर जेवण, रात्री मोबाइलवर त्याच दुर्घटनेचे व्हिडिओ न बघणं. हे किरकोळ वाटतं. पण ज्याचं जग एका क्षणात बेभरवशाचं झालं, त्याला सकाळी सातचा चहा रोज सातलाच मिळणं हाही भरवसा असतो.

स्वमदतीला थोडी जरी सोबत मिळाली, तरी तिची ताकद वाढते. कार्डिफच्या संशोधकांनी तयार केलेला 'स्प्रिंग' हा इंटरनेटवरचा आठ टप्प्यांचा कार्यक्रम २०२२ मध्ये १९६ जणांवर तपासला गेला. एकाच घटनेमुळे सौम्य ते मध्यम पीटीएसडी झालेली ही माणसं कार्यक्रम स्वतः पूर्ण करत होती, अधूनमधून उपचारक थोडा वेळ बोलत होता. सोळा आठवड्यांनंतरचा परिणाम समोरासमोरच्या सीबीटीहून कमी ठरला नाही. मराठीत असा काही कार्यक्रम बनवून तपासला गेला, तर तालुक्या-तालुक्यांत त्याचा उपयोग होईल.

स्वमदतीची सीमाही ओळखावी. जीव द्यावा असं वाटणं, स्वतःला इजा करणं, मधले काही तास आठवतच नाहीत असं होणं, व्यसन वाढणं, किंवा अत्याचार अजून चालू असणं, यांपैकी काहीही असेल तर त्याच दिवशी मदत घ्यावी.

"नंतर" अजून आलंच नसेल तर

पीटीएसडीच्या नावातच "आघातानंतर" आहे. रोज रात्री नवऱ्याचा मार खाणाऱ्या बाईचं "नंतर" कुठून सुरू होणार? गावात बहिष्कृत केलेल्या, जातीपायी रोज धमकावल्या जाणाऱ्या कुटुंबाचं? त्यांचं सतत सावध असणं हा आजार म्हणता येत नाही. तो जिवंत राहण्याचा शहाणपणा आहे. अशा वेळी आधी धोका थांबवावा लागतो, मग श्वासाचे सराव. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा, संरक्षण अधिकारी, पोलीस, निवारागृह हेही उपचाराचेच भाग आहेत.

मुंबईतल्या 'दिलासा' केंद्राचं काम म्हणूनच मला मोलाचं वाटतं. 'सेहत' ही संस्था आणि मुंबई महापालिका यांनी २००० च्या सुमारास वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ते सुरू केलं. मार लागलेली बाई पोलिसांकडे जाईलच असं नाही, पण जखम शिवायला दवाखान्यात येते. तिथेच तिला ऐकणारं, सुरक्षिततेचा विचार करणारं, कायद्याची वाट दाखवणारं माणूस भेटावं, ही त्यामागची दृष्टी. तीन पायऱ्यांमधली पहिली पायरी ती हीच.

आपल्याकडे सोबतीला कोण

तज्ज्ञ कमी, गरज मोठी. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात वेगवेगळ्या मानसिक आजारांत उपचार न मिळणाऱ्यांचं प्रमाण बहुतांशी ७० टक्क्यांच्या वर आढळलं. ही दरी नुसत्या डॉक्टरांनी भरणार नाही.

गोव्यात १९९६ मध्ये सुरू झालेल्या 'संगथ' संस्थेने याचं एक उत्तर दाखवलं. डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी मानसशास्त्राची पदवी नसलेल्या स्थानिक लोकांना प्रशिक्षण दिलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत त्यांच्याकडून नैराश्याच्या रुग्णांचं समुपदेशन करवलं. ते परिणामकारक ठरल्याचं २०१७ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झालं. शेतकरी आत्महत्यांनी होरपळलेल्या विदर्भात, अमरावती जिल्ह्यातल्या तीस गावांत 'विश्राम' प्रकल्प राबवला गेला. तिथे नैराश्यग्रस्तांपैकी मदत घेणाऱ्यांचं प्रमाण दीड वर्षात ४.३ वरून २७.२ टक्क्यांवर गेलं. हे काम नैराश्यावरचं होतं, पीटीएसडीवरचं नव्हे. पण गावातलंच शिकवून तयार केलेलं माणूस दारात आलं की मनाचा विषय दाराबाहेर थांबत नाही, हे त्यातून कळतं.

ठाण्याची आयपीएच ही संस्था १९९० पासून मराठीतून मनाच्या आरोग्याची भाषा घडवते आहे. व्यसनाच्या आड दडलेल्या जखमांसाठी पुण्याचं मुक्तांगण १९८६ पासून उभं आहे. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ वर दिवसरात्र फुकट बोलता येतं. स्त्रियांसाठी १८१, मुलांसाठी १०९८ आणि तातडीच्या धोक्यात ११२.

उपचारक निवडताना विचारायला संकोच करू नये. तुमचं शिक्षण काय? आघातावर कोणत्या पद्धतीने काम करता? साधारण किती सत्रं लागतील? सुधारणा होते आहे हे कसं ओळखायचं? नीट उत्तर देणारा माणूस निवडावा. पहिल्याच भेटीत सगळं सांगायला भाग पाडणारा, हमखास बरं करण्याचं वचन देणारा किंवा "तुमच्या मनात दडलेली आठवण मी बाहेर काढतो" म्हणणारा टाळावा. सूचना देऊन मनात न घडलेल्या आठवणीही रुजवता येतात, हे एलिझाबेथ लॉफ्टस यांच्या १९९० च्या दशकातल्या प्रयोगांनी दाखवून दिलं आहे.

कडू घासाची रीत

मरण झालेल्या घरी आपण कडू घास नेतो. अत्याचारातून वाचलेल्या मुलीच्या घरी काय नेतो? अपघातात चौघांतून एकटाच वाचलेल्या मुलाच्या घरी? घरधन्याने गळफास घेतलेल्या घरी, तेरावा उरकल्यावर? बहुतेकदा काहीच नेत नाही, कारण काय बोलावं ते सुचत नाही, आणि मग त्या घरावरून जाताना मान खाली घालून पावलं उचलतो. आतल्या माणसाला ती मान दिसते. तो तिचा अर्थ लाज असाच लावतो.

बोलायला सुचलं नाही तरी बिघडत नाही. डबा न्यावा. ओसरीवर घटकाभर बसावं. कोर्टाच्या तारखेला, दवाखान्यात, पोलीस ठाण्यात सोबत जावं. "सांगावंसं वाटलं तर मी आहे" एवढं एकदा म्हणावं आणि महिन्याने पुन्हा यावं, कारण महिन्याने सगळे येणं थांबवतात. उपचार तज्ज्ञ करतील, सराव ज्याचा त्याने करायचा. पहिल्या पायरीवर हात धरायला मात्र शेजारी लागतो.

आपल्याकडे शेजारचा डबा रिकामा परत द्यायची रीत नाही. त्या घरातून एक दिवस डबा परत येईल, त्यात मूठभर शेंगदाणे असतील नाहीतर दोन चमचे लोणचं. माणसांत परतण्याची तिसरी पायरी अशीही दिसते. तोवर डबा नेत राहायचं काम आपलं.